नाटकातला शत्रू

१५ ऑगस्ट २०२५ हा दिवस शुक्रवारी आला होता. जुम्याची नमाज असल्यामुळे झेंडावंदन आणि मुलांचा कार्यक्रम सकाळी दहापर्यंत आटोपायचा, असं आमच्या शाळेत आधीच ठरलं होतं. नाटुकलं बसवण्याचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे आलं. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. उर्दू शाळेतली मराठीची मॅडम म्हणजे निम्मी शिक्षिका आणि निम्मी दुभाषी. तहसीलचं पत्र आलं की वाचायला माझ्याकडे, कुणा पालकाला अर्ज लिहून हवा असला की माझ्याकडे, आणि पाहुण्यांसमोर मराठीत काही सादर करायचं असलं की तेही माझ्याच गळ्यात.

त्या वर्षी मात्र नाटुकल्याचा विचार मनात आला की मला थोडी धास्तीच वाटत होती. मे महिन्यात सीमेवर चार दिवस लढाई झाली होती. मोबाईलवर दिवसभर तेच. सुट्टीचे दिवस, त्यामुळे आमच्या गल्लीतली पोरंही लढाई लढाईच खेळत होती. एका संध्याकाळी माझा दहा वर्षांचा मुलगा धापा टाकत घरात आला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "अम्मी, हम लोगां में पाकिस्तान कोई होताच नै. फिर हमने उस छोट्टे को बना दिए."

तो छोटा म्हणजे शेजारच्यांचा पाच वर्षांचा पोरगा. मी खिडकीतून पाहिलं. बाकीची सात-आठ मुलं त्याच्या मागे धावत होती आणि तो खिदळत पळत होता. थोड्या वेळाने त्याचं हसू थांबलं आणि तो रडायला लागला. त्याच्या आईने येऊन त्याला उचलून नेलं. खेळ दुसऱ्या कुणाला तरी शत्रू करून पुढे सुरू झाला.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. मुलांना विचारलं, यंदा नाटुकलं कशावर करायचं? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "जंग पे!" मी म्हटलं, लढाईचं नाटक मी बसवणार नाही. मुलांची तोंडं उतरली. चार दिवस मी काहीतरी दुसरं शोधत होते. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याला हे सांगितलं, तेव्हा त्याने एक जुनी इंग्रजी फिल्म पाठवली. सोबत निरोप होता, "खाला, ये देखो. जंग के टाइम की है, लेकिन कॉमेडी है. और सब बच्चे हैं."

फिल्म दहा-अकरा मिनिटांची. नाव 'बेंजामिन फ्रँकलिन ज्युनिअर'. अमेरिकेत ती ३० जानेवारी १९४३ रोजी प्रदर्शित झाली, म्हणजे दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना. मोठं माणूस त्यात नावालाच. गल्लीतल्या मुलांची एक टोळी आहे आणि लढाईमुळे हे मिळत नाही, ते मिळत नाही म्हणून ही मुलं कुरकुर करत असतात. मग अमेरिकेतले जुने विचारवंत बेंजामिन फ्रँकलिन यांची शहाणपणाची वचनं त्यांच्या कानावर पडतात, आणि ही मुलं स्वतःच एक नाटक बसवून आपल्यासारख्याच इतर पोरांना दाखवतात. उपदेश त्यात भरपूर आहे. लढाईच्या काळात सरकारला जे लोकांच्या गळी उतरवायचं होतं, ते मुलांच्या तोंडून वदवून घेतलंय, हे लपत नाही. तरीही मुलं ती मुलंच. ती अंगात ढगळे कपडे घालून मोठ्यांची नक्कल करू लागली की हसू आवरत नाही.

मी या टोळीबद्दल थोडं वाचलं. फिल्ममालेचं नाव 'आवर गँग', म्हणजे आपली टोळी. हॅल रोच नावाच्या निर्मात्याने ती १९२२ मध्ये सुरू केली. असं सांगतात, की एक आई आपल्या नटवलेल्या मुलीला घेऊन त्याच्याकडे आली होती. त्या मुलीचं पढवलेलं बोलणं ऐकून तो कंटाळला, आणि खिडकीबाहेर काही पोरं लाकडाच्या तुकड्यांवरून भांडत होती, तिकडेच पाहत बसला. त्याला वाटलं, खरी गंमत तर ही आहे. पुढे बावीस वर्षांत या टोळीच्या २२० फिल्म निघाल्या. १९३८ मध्ये रोचने ही माला एमजीएम कंपनीला विकली. त्यानंतर पोरांचा मोकळेपणा कमी होत गेला, उपदेश वाढत गेला आणि युद्ध सुरू झाल्यावर तर तो फारच वाढला. १९४२ च्या एका फिल्ममध्ये ही मुलं सैनिकांच्या करमणुकीसाठी कार्यक्रम करतात, १९४३ च्या दुसऱ्या एका फिल्ममध्ये सैनिकांसाठी रेडिओचा कार्यक्रम करतात.

शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला वर्गातल्या टीव्हीवर मी ती फिल्म लावली. मुलांना इंग्रजी संवाद कळत नव्हते, पण काही अडलं नाही. पुढच्या दोन शनिवारी त्याच टोळीच्या आणखी तीन-चार जुन्या फिल्म दाखवल्या. वर्ग खदखदून हसला.

मला मात्र त्या फिल्ममधून नाटुकल्याचा विषय मिळाला. लढाई न दाखवता लढाईच्या काळातलं घर दाखवायचं. आपल्याकडे आजही रेशनच्या दुकानाला लोक 'कंट्रोल' म्हणतात. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलची साखर. आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला हा शब्द ठाऊक आहे, पण तो आला कुठून, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं, की तोही लढाईतूनच आला. त्या महायुद्धात धान्य, साखर, रॉकेल, कापड सगळ्याची टंचाई झाली, भाव भडकले आणि इंग्रज सरकारने वाटपावर नियंत्रण आणलं. मुंबईत धान्याचं रेशनिंग १९४३ मध्ये सुरू झालं. लढाई संपली, इंग्रज गेले, पण त्यांचा 'कंट्रोल' हा शब्द आपल्या तोंडात राहिला. त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अन्नावाचून मेली. अमेरिकेतली मुलं टंचाईवरून कुरकुर करण्याचा अभिनय करत होती, त्याच वर्षी आपल्या देशात मुलं रस्त्यावर भुकेने मरत होती. हे ऐकून वर्ग शांत झाला.

तर नाटुकल्याचं नाव ठरलं 'कंट्रोलची साखर'. वऱ्हाडातलं एक घर. ईद दोन दिवसांवर आलेली. शीरखुर्म्याला साखर नाही. दादी, तिची चार नातवंडं, कंट्रोलसमोरची रांग, आणि साखरेचं पोतं पळवणारा एक चोर, जो शेवटी पकडला जातो. संवाद मुलांनी आणि मी मिळून लिहिले. भूमिका मी वाटल्या. दादी हुशार मुलीला, नातवंडं चार चुणचुणीत मुलांना. चोराची भूमिका सहावीतल्या एका मुलाला दिली.

त्या मुलाबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचे वडील हंगामात सोयाबीनच्या सोंगणीला जातात, एरवी भंगार गोळा करतात. मुलगा बोलताना अडखळतो. पहिलं अक्षर बाहेर यायला वेळ लागतो, डोळे मिटले जातात, मान हलते. तो बोलायला उभा राहिला की वर्गात आधीच हसू पिकतं. मी त्याला चोर केलं, कारण मला वाटलं, तो चांगला करेल. 'चांगला करेल' याचा अर्थ काय, याचा तेव्हा मी विचार केला नव्हता.

तालीम सुरू झाली. पकडला गेल्यावर चोराचं एकच वाक्य होतं, "मी काही केलं नाही." त्याला ते म्हणायला अर्धा मिनिट लागायचा आणि तोवर सगळी मुलं लोटपोट व्हायची. मीही हसत होते. तोही हसत होता. मला वाटलं, प्रसंग छान जमतोय.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तालीम संपल्यावर सातवीतली एक मुलगी माझ्यामागे स्टाफरूमपर्यंत आली. म्हणाली, "मॅडम, वो अंग्रेजी पिक्चर में वो काला बच्चा है ना, वोच हर बार डरता क्यूं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सब बच्चे मस्ती करते. लेकिन आंखां फाड के डरने का काम उसकोच देते. बोलना भी उसकाच उल्टा-सीधा."

तिने एवढंच विचारलं आणि निघून गेली. नाटुकल्याबद्दल ती एक अक्षरही बोलली नव्हती. मी मात्र खुर्चीत बसून राहिले.

ज्या मुलाबद्दल तिने विचारलं, त्याचं खरं नाव बिली थॉमस. फिल्ममध्ये त्याला 'बकव्हीट' म्हणत. बकव्हीट म्हणजे एक प्रकारचं धान्य, आपल्याकडचा कुट्टू. १९३१ साली जन्मलेला हा मुलगा अगदी लहानपणी टोळीत आला आणि १९४४ मध्ये शेवटची फिल्म निघाली तोवर राहिला. सुरुवातीला तर त्याला मुलीचे कपडे घालून उभं करत. विस्कटलेले केस, वटारलेले डोळे, अर्धवट उच्चार. लोकांना हसायला तेवढं पुरेसं होतं.

या फिल्मबद्दल चांगलं सांगण्यासारखंही आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. ज्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या, त्या काळात या टोळीत काळी आणि गोरी मुलं एका गल्लीत खेळताना दिसत. एकाच पायरीवर बसत, एकाच भांडणात पडत. पुष्कळांना तेव्हा तेही खपत नसेल. पण टोळीत जागा मिळणं वेगळं आणि टोळीत कुठली जागा मिळते, हे वेगळं. बिलीला जागा मिळाली होती, पण ती हसण्याचा विषय होण्याची.

आणखी एक गोष्ट मला टोचली. ही मुलं ज्या सैन्यासाठी नाटकं करत होती, त्या सैन्यातही काळ्या आणि गोऱ्या शिपायांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढला, तेव्हा कुठे तो भेद मोडायला सुरुवात झाली. बिली थॉमस मोठा झाल्यावर १९५४ मध्ये स्वतः सैन्यात गेला, दोन वर्षं नोकरी केली, चांगल्या वर्तणुकीचं पदक मिळवलं. नंतर त्याने फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केलं. १९८० मध्ये तो वारला. पडद्यावर भित्रा दाखवलेला मुलगा प्रत्यक्षात शिपाई झाला, पण तो शिपाई कुणाला आठवत नाही. वटारलेले डोळे मात्र सगळ्यांना आठवतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बकव्हीटमुळे नाही, माझ्या धाकट्या भावामुळे. पुढचं मी त्याला विचारूनच लिहितेय.

१९९९ ची गोष्ट. कारगिलची लढाई नुकतीच झाली होती. मी वाशीमला बी.ए. करत होते आणि भाऊ सहावीत होता. अब्बांनी त्याला मुद्दाम मराठी शाळेत घातलं होतं, पुढे नोकरीत अडचण नको म्हणून. त्यानंतरच्या २६ जानेवारीला त्याच्या शाळेत कारगिलवर नाटक होतं. त्याच्या वर्गात मुसलमान मुलं दोनच. भाऊ घरी नाचत आला, "आपा, मला नाटकात घेतलं! माझी डायलॉग आहेत!" भूमिका होती घुसखोराची. गुरुजींनी सांगितलं होतं, "तुला उर्दू येतं ना, मग तूच कर. शोभून दिसेल. ईदचे कपडे आहेत ना तुझे, तेच घालून ये."

गुरुजी वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. भावाच्या तापात ते घरी येऊन गेले होते. त्यांनी सरळ मनाने, सोयीचं म्हणून ते केलं असावं. आणि आम्ही तरी काय केलं? अम्मीने ईदचा पांढरा कुर्ता-पायजमा धुऊन इस्त्री केला. काळ्या लोकरीची दाढी मी स्वतः शिवली. 'ख' आणि 'ग' घशातून कसे काढायचे, हे मीच त्याला शिकवलं. कार्यक्रमाच्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसले होते. भाऊ उर्दूत डरकाळ्या फोडत आला, गोळी लागल्यावर तीन गिरक्या घेऊन पडला, पडल्यावर पुन्हा उठून पुन्हा पडला. मैदान हसून हसून लोळलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन आम्ही पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्याचं नाव बदललं. तो आला की मुलं बोटांची बंदूक करून ठ्यां करायची आणि त्याने गिरकी घेऊन पडावं, अशी वाट पाहायची. पहिले काही दिवस तो पडलाही. मग पडेनासा झाला. पडत नाही म्हणून मुलं जास्त चिडवू लागली. हे सगळं आम्हाला घरी कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसलं, की त्या वर्षी ईदला तो पांढरा कुर्ता घालायला तयार झाला नाही. अम्मीने समजावलं, अब्बा रागावले. तो पँट-शर्टवर ईदगाहला गेला. आम्ही म्हटलं, पोराला आता फॅशन कळायला लागली.

खरं कारण त्याने मला पंधरा-सोळा वर्षांनी सांगितलं, त्याच्या लग्नात शेरवानीवरून वाद झाला तेव्हा. तेही हसत हसत.

आणि एवढं सगळं ठाऊक असलेली मी, एका अडखळणाऱ्या मुलाला चोर करून मोकळी झाले होते. आमच्या शाळेत सगळी मुलं मुसलमान. इथे धर्मामुळे कुणी शत्रू होणार नाही, या भरवशावर मी निश्चिंत होते. पण प्रत्येक टोळीला आपला बकव्हीट सापडतोच. आमच्याकडे तो गरिबीवरून आणि जिभेवरून सापडला, एवढाच फरक.

सूरह अल-हुजुरातमध्ये अल्लाहने कुणीही कुणाची टिंगल करू नये, वाईट टोपणनावं ठेवू नयेत, असं बजावलंय. ही आयत मी मुलांना कितीदा तरी सांगितली असेल. तशीच अबू उमैर या लहान मुलाची गोष्ट. त्याच्या चिमण्या पाखराची विचारपूस करून नबी करीम (स.) त्याच्याशी कशी गंमत करायचे, हेही सांगितलं होतं. त्या गमतीत ते मूल मध्यभागी होतं, पण गमतीचा विषय नव्हतं. हा फरक मी फळ्यावर शिकवला होता. तालमीत मात्र विसरले होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी एकट्याला बोलावलं. माफी मागावी की नाही, हे कळेना. शेवटी सरळ विचारलं, "तुला यातलं काय व्हायला आवडेल?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग डोळे मिटून, मान हलवून त्याने शब्द बाहेर काढला, "कंट्रोलवाला."

"का रे?"

"वो बैठ के रहता. सब उसके सामने लैन में खड़े रहते."

मी त्याच्यासाठी नवे संवाद लिहिले नाहीत. कंट्रोलवाल्याचं वाक्य सगळ्या जगाला पाठ आहे : "माल आला नाही. उद्या या." आम्ही दोघांनी ते वाक्य हळूहळू, तराजूच्या काट्याकडे बघत म्हणायचं ठरवलं. घाईच नाही. लोक रांगेत थांबलेलेच असतात.

उरला चोर. वर्गात विचारलं, कोण होणार? कुणीच हात वर केला नाही. मी म्हटलं, मग मी होते. मुलांना आधी खरंच वाटेना.

पंधरा ऑगस्टला मैदानावर तराजू घेऊन तो मुलगा ऐटीत बसला. दादी आली, साखर मागितली. त्याने तराजूकडे पाहिलं. काटा हलला, थांबला. पहिलं अक्षर यायला नेहमीसारखाच वेळ लागला. सगळं मैदान थांबलं. मग तो म्हणाला, "मा... माल आला नाही. उद्या या." जे हसू पिकलं ते त्याच्या जिभेला नव्हतं. समोर बसलेल्या प्रत्येक बाईने ते वाक्य आयुष्यात कधी तरी ऐकलेलं होतं. मागून एक म्हातारी ओरडली, "हौ बाबा, आमालेबी असंच म्हणतेत!" आणि मैदान पुन्हा हसलं. त्याने ते वाक्य चारदा म्हटलं. चौथ्यांदा प्रेक्षकांनीच त्याच्यासोबत म्हटलं.

मग दुपट्टा डोक्याला घट्ट बांधून, खांद्यावर पोतं घेऊन मी पळाले आणि मुलांनी मला पकडलं. पोतं फाटलं, आतला भुसा माझ्या अंगावर सांडला. त्या दिवशी मुलं जितकी हसली, तितकी बकव्हीटला पाहूनही हसली नव्हती. एका पालकांना ते आवडलं नाही. मॅडमने असं चोराचं सोंग आणणं शोभत नाही, असं त्यांनी मुख्याध्यापकांना ऐकवलं. मुख्याध्यापकांनी ते मला सांगितलं. मी ऐकून घेतलं. कुणाला तरी हसू व्हायचंच असेल, तर ते मोठ्या माणसाने व्हावं. मोठ्याला ते दुसऱ्या दिवशी अंगावरून झटकता येतं.

या निमित्ताने आणखी एक वाचनात आलं, ते घराघरातल्या आयांसाठी सांगते. 'आवर गँग'च्या मुलांना चित्रीकरणाचा पगार मिळाला, पण त्या फिल्म पुढे वर्षानुवर्षं टीव्हीवर दाखवल्या गेल्या, त्यातलं काही त्यांच्या हाती पडलं नाही. त्याच काळात आपल्या मुंबईतही कोवळ्या मुली कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या. १९४२ मध्ये बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत'मध्ये काम करणारी बेबी मुमताज, म्हणजे पुढची मधुबाला, तेव्हा नऊ वर्षांची होती. बेबी मीना, म्हणजे मीनाकुमारी, तर १९३९ पासूनच काम करत होती. दोघी मुसलमान घरांतल्या, आणि दोघींच्या कमाईवर घर चालायचं. आज आपल्या देशात बालकलाकारांसाठी नियम आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि कमाईचा किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा. पण आपण घरात मोबाईलवर मुलांचे जे व्हिडिओ काढतो, तिथे विचारायला कोण येतं? तोतरं बोलणाऱ्या मुलीला मुद्दाम अवघड शब्द म्हणायला लावायचा, घाबरणाऱ्या मुलाला आणखी घाबरवायचं आणि तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवायचा. मेमध्ये तर तीन-तीन वर्षांच्या मुलांच्या अंगावर गणवेश चढवून 'मारो' म्हणवून घेतलेले व्हिडिओ मलाही आले. मीही त्यांच्याखाली हसणारे चेहरे टाकले होते.

तेव्हा आपल्या घरात एकदा पाहावं. दर वेळी हसू कुणावर येतं? सावळ्या मुलीवर? जाड्या मुलावर? जेवताना सांडणाऱ्या आजोबांवर? तेही आपल्याबरोबर हसत असतील. माझा भाऊही हसत होता. पडलेल्या मुलाने गिरकी घेणं म्हणजे त्याला मजा येतेय, असं धरून चालू नये.

त्या दिवशी जुम्यानंतर मी भावाला अकोल्याला फोन केला. नाटुकल्याचं सगळं सांगितलं, कंट्रोलवाल्याचं, चोराचं, अंगावर सांडलेल्या भुशाचं. तो खूप हसला. मग थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही.

"आपा," तो म्हणाला, "तेव्हा तूही हसली होतीस ना? पुढच्याच रांगेत होतीस."

मी म्हटलं, "हो. हसले होते."

"मला आठवतं. मी तुझ्याकडेच बघत होतो. तू हसलीस म्हणून मी दुसऱ्यांदा उठून पडलो."

मला काही बोलता आलं नाही. तोच पुढे म्हणाला, "व्हिडिओ पाठव त्या पोराचा. माझ्या पोराला दाखवतो. त्यालाही यंदा शाळेत नाटक आहे."